रोज पाच वाजता दहा क्रियापदं

सातारा,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय विश्वजितभाऊजी,

नमस्कार. तिकडे वर चौकीवर थंडी सुरू झाली असेल, जपून राहा. आईंचा गुडघा बरा आहे. घेवडा यंदा चांगला आलाय. फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

हे बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते, तेव्हा तुम्ही आम्हा दोघांना मोबाइलवर इंग्रजीचा खेळ लावून दिला होता. रोज पाच वाजता दहा अवघड क्रियापदं, प्रत्येकाचे चार अर्थ, बरोबर तो निवडायचा. कोणी काय निवडलं तेही दिसायचं. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभा राहून 'लिंगर म्हणजे रेंगाळणे' असं घोकायचा. ते गेल्यावरही मी खेळत राहिले. पाच वाजता घर फार शांत होतं.

त्यांना जाऊन वर्ष उलटलं. या ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी माझ्या नावाखाली यांचं नाव आलं : धैर्यशील. दहापैकी नऊ बरोबर. चुकलं ते 'रिलेंट'. अर्थ मवाळ होणे. निवडला होता, पश्चात्ताप करणे. हे दर वेळी तिथंच चुकायचे.

मी कपाट उघडलं. अपघातातला फोन पोलिसांनी दिला तसाच पिशवीत, काच फुटलेला, बंद. मग वाटलं, पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच करत असाल. मला शिक्षा म्हणून.

कारण दहाव्याला तुम्ही विचारलं होतं, "वहिनी, एवढ्या पावसात दादा कोयनानगरला कशाला निघाला?" मी म्हणाले, माहीत नाही. त्यानंतर तुम्ही घरी आला नाहीत.

माहीत होतं, भाऊजी. त्या सकाळी हे तिसऱ्यांदा नापास झाल्याचं कळलं होतं. मी म्हणाले, "तीनदा तेच शब्द! तुमच्या डोक्यात काय शिरायचं न्हाई. कुठंतरी वॉचमन व्हा."

हे हसले. "व्हतो की. कोयनेला दोस्ताच्या वळखीनं जागा हाय म्हणत्यात."

आणि गाडीची किल्ली उचलली. पाऊस थांबू द्या, एवढंसुद्धा मी म्हटलं नाही. घाटात गाडी घसरली.

परवा विश्रामबागेतल्या घरून जाऊबाईंचा, तुमच्या सृष्टीचा फोन आला. म्हणाली, "ताई, हे तीन आठवडे झाले रेंजमध्येच नाहीत. पत्र तेवढं पोचतं." तिच्याशी बोलता बोलता मी खेळ उघडला. पाच वाजले होते. तुम्ही नव्हतात, तरी धैर्यशील या नावापुढं उत्तरं माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून उमटत गेली. त्यात 'रिलेंट' होतं. या वेळी बरोबर निवडलं.

बरं वाटायला हवं होतं ना? मी फोन पालथा घातला. गेलेला माणूस अजून शिकतोय, भाऊजी.

खातं तुम्ही उघडलं होतं, बंद करायचं तर तुम्हीच करा. सुट्टी मिळताच या. आईंना खरं अजून सांगितलेलं नाही, तुमच्यासमोर सांगेन. मग हवं तेवढं रागवा. पण आधी एकदा पाच वाजता माझ्याशेजारी बसा. हे एकटीनं बघायचं बळ आता उरलं नाही.

अजून म्हणत असाल तर,
तुमची वहिनी
संयोगिता