मुराळ्याचं तिकीट

पिंपरी, पुणे
१२ ऑगस्ट २००२

ती. सौ. रत्नाताईस,
सुनीलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. बापूंचा गुडघा कुरकुरतोय, पण ते ऐकतात कुणाचं? परवा निरगुडसरला गेलो तर स्वारी टोमॅटोच्या रानात काठ्या रोवत होती. मी काठी धरायला गेलो, तर पुण्याच्या साहेबानं बांधावर बसावं असं ऐकवलं.

आता मुद्द्याचं. कंपनीची मशिनं दुरुस्त करायला मी तीन वर्षं देशभर विमानानं हिंडतोय. तिकीट कंपनी काढते, पण प्रत्येक फेरीचे पॉइंट विमानवाले माझ्या नावावर टाकतात. असे तीस हजार पॉइंट साठलेत आणि ते एकतीस डिसेंबरला बाद होतात. तुझ्या भावजयीचा, स्नेहलचा, डोळा त्यांच्या पुस्तिकेतल्या डिनर सेटवर होता. मी तिला समजावलं, की बाई गं, असला सेट तुळशीबागेत हजार रुपयांत मिळतो आणि इथे त्याला दहा हजार पॉइंट मोजायचे. तेवढ्याच पॉइंटांत एका माणसाला देशात कुठूनही कुठे एका बाजूनं जाता येतं. पुण्याहून मुंबईला जा, दहा हजार. गुवाहाटीहून मुंबईला या, तरी दहाच हजार. मग शहाण्यानं लांबचा पल्ला धरावा की नाही? आणि आपल्या गोतावळ्यात तुझ्याइतकं लांब कोण जाऊन बसलंय?

तेव्हा येतानाची दोन तिकिटं तुझी आणि समृद्धीची. जातानाचं तिसरं तुझं, आणि भाचीचं परतीचं तिकीट मामा पदरमोड करून काढेल. दिवाळीच्या आठवड्यात पॉइंट चालत नाहीत, म्हणून चंपाषष्ठीला ये. चार वर्षं झाली, तुझे पाय घराला लागले नाहीत. तारीख कळव, तिकिटं रजिस्टर पोस्टानं पाठवतो. भाऊजींना नमस्कार, समृद्धीला पापा. लोभ आहेच, पत्र मात्र लवकर येऊ दे.

तुझा,
सुनील

*

गुवाहाटी
२७ ऑगस्ट २००२

चि. सुनीलला,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आम्ही तिघं पोट धरून हसलो. हे म्हणाले, की तुझा भाऊ मशिनं दुरुस्त करायला जातो की पॉइंट गोळा करायला? समृद्धीनं वर्गात सांगून टाकलंय, की माझ्या मामाचं विमान आहे. आता बाईंनी विचारलं तर काय सांगू?

ह्यांच्या रिफायनरीत काम वाढलंय, घरी यायला सात वाजतात. मी अंगणात मेथी पेरली होती, ती पावसानं कुजली. इथला पाऊस म्हणजे नुसता वैताग आहे बघ.

तिकिटं मात्र पाठवू नकोस. मी यायची नाही.

रागावू नकोस, नीट वाच. मी बोरी बुद्रुकला सासरी होते तेव्हा तिथून आपलं घर एसटीनं किती लांब होतं रे? तरी आईनं मला कधी एकटीला येऊ दिलं नाही. ती मुराळी धाडायची. कधी बापू, कधी तू, नाहीतर जानकूकाका. तो मुराळी सासूबाईंपुढे बसायचा, चहा घ्यायचा आणि मग रीतसर मला मागायचा. तू दहावीत असताना आला होतास आणि काय बोलायचं ते विसरून तीन वेळा चहा प्यायलास, आठवतंय का?

आई गेली तेव्हा आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. तेरावं झाल्यावर निघालो. त्यानंतर कुणी न्यायला आलं नाही. "ये की गं" असं फोनवर सगळेच म्हणतात. धोंडाबाईमावशी तर तेव्हाच म्हणाली होती, आई तोवर माहेर. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता वाटतं, म्हातारी खरं बोलली. तुझ्या तिकिटांची किंमत मला कळते, पण पोस्टानं बोलावणं आलं म्हणून माहेरी जाणारी मी नव्हे. स्नेहलला तिचा डिनर सेट घेऊन दे. बापूंना यातलं काही सांगू नकोस. त्यांची गोळी चुकवू देऊ नकोस. आहे तशी माया राहू दे.

तुझी,
रत्नाताई

*

मु. पो. निरगुडसर, ता. आंबेगाव
१५ सप्टेंबर २००२

चि. सुनील यास,
बापूचे पोटभर आशीर्वाद.

रत्नानं सांगू नको म्हनलं आन तू मला तिचं पत्र वाचून दाखवलंस ते लई बरं केलंस. तू गेल्यावर तेच डोक्यात घोळतंय. भाकर गोड लागंना.

तुजं गणित मला पटलं. गाडीभाडं तेवढंच आसंल तर माल लांबच्या बाजारात न्यावा, ह्ये कुनीबी शेतकरी सांगंल. पन तू मानसं मोजताना मुराळी मोजलाच न्हाईस. चूक तुजी एकट्याची न्हाई. ही धाडाधाडी तुजी आई बघत व्हती. ती म्हनायची जा, की मी टोपी घालून निगायचो. ती गेल्यावर जा म्हननारं कुनी ऱ्हायलं न्हाई. आन खरं सांगू का, माजाच जीव धजला न्हाई. एकटा दारात उबा ऱ्हायलो तर पोर माज्या मागं बघंल, आई कुटंय म्हनून. त्या भ्यानं चार वर्सं घालवली. गुडघ्याचं निमित्त करत ऱ्हायलो.

आता मी जातो. तू म्हनशील चार तिकिटं लागत्यात आन हायेत तीन. तर जाताना मी आगगाडीनं जानार. मुराळी मोकळ्या हातानं जात न्हाई. दहा किलो बाजरी, हुलगे, शेंगा, कुरडया, लसूण, एवढं वझं तुजं इमान घेनार हाय का? तूच म्हनला व्हतास वीस किलोच्या वर पैसं पडत्यात. तवा जाताना वझं आगगाडीनं आन येताना मानसं इमानानं. तीन मानसं, तीन तिकिटं. ह्याच्यापरीस तुज्या पॉइंटाचं सोनं आनखी कसं व्हनार?

शेजारच्या हौशीरामचा पुतन्या मिलटरीत हाय, दिवाळीच्या रजेवर येऊन तिकडंच परत जानार हाय. त्याच्या जोडीनं जाईन. रत्नाला कळवू नको. माया करतोस तशी करीत ऱ्हा.

तुजा बाप,
सावळाराम

*

पिंपरी, पुणे
१० नोव्हेंबर २००२

ती. बापूंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र स्नेहलनं दोनदा वाचलं आणि डिनर सेटची पुस्तिका रद्दीत टाकली. ताईनं इतकं सरळ लिहूनही मी तिला फक्त अंतर म्हणून मोजलं, याची लाज वाटली. मीच जावं म्हणून रजा मागितली, पण साहेबांनी वर्षअखेरीचं कारण सांगून नाकारली.

पॉइंटवर एका विमानात फार जागा देत नाहीत. एका दिवशी तिन्ही जागा मिळेनात. एक आज आहे, दोन परवा, असं चाललं होतं. तुम्हाला एकट्याला कसं बसवणार? सहा वेळा फोन केला, शेवटी विमानवाल्यांच्या कचेरीत जाऊन बसलो. तिथल्या बाईंना सगळी हकीकत सांगितली. त्या नागपूरकडच्या निघाल्या. मुराळी म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. चार डिसेंबरच्या विमानात तिन्ही जागा सापडल्या, मध्ये कलकत्त्याला बदलायचं आहे. भाऊजींनाही गुपचूप कळवून ठेवलंय, म्हणजे तुम्ही पोचाल त्या दिवशी ते घरी असतील.

आता ऐका. अडकित्ता खिशात ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील. मतदार ओळखपत्र जवळ असू द्या. गोळ्या वेळेवर घ्या. विमानात खायला फुकट देतात, तेव्हा नको नको म्हणू नका. तिकिटं प्लास्टिकच्या पिशवीत घातलीत, ती आतल्या खिशात ठेवा. मी मुंबईला न्यायला येतोच. आशीर्वाद असावा, आणि माझा राग नसावा.

आपला,
सुनील

*

गुवाहाटी
३ डिसेंबर २००२

चि. सुनीलला,
ताईचे आशीर्वाद.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी तुझ्याच घरी नाहीतर निरगुडसरला असेन. तरी लिहितेय, कारण तोंडावर मला हे बोलता यायचं नाही.

परवा रविवारी सकाळी मी वेणी घालत होते. समृद्धी ओरडत आली, की दारात टोपीवाले आजोबा उभे आहेत. बघते तर बापू. खांद्यावर पोतं, हातात पिशवी, तीन रात्रींच्या प्रवासानं चेहरा सुकलेला. मी आत ओढायला गेले तर आत येईनात. म्हणाले, आधी मालकांना बोलाव. हे बनियनवरच धावत आले. तू आणि हे आतून सामील होतात, हे मला नंतर कळलं.

बापूंनी पोतं खाली ठेवलं, टोपी सारखी केली आणि ह्यांना हात जोडले. जावयाला हात जोडले रे, आपल्या बापूंनी. म्हणाले, "पावणं, लेक न्यायला आलोय. धाडता का?"

हे म्हणाले, "न्या बापू. परत आणायला मी येईन." तेवढं ऐकल्यावर बापूंनी चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला. मी त्यांच्या मागे पाहिलं, सुनील. उगाचच पाहिलं. त्यांनी ते बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग आम्ही दोघं तिथेच, पोत्याशेजारी बसून रडलो. आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, असं रडायला मिळालंच नव्हतं.

आता घरात उत्सव आहे. बापूंनी शेजारच्या बरुआबाईंना शेंगा दिल्या. त्या असमिया बोलतात, बापू आपली मराठी बोलतात, आणि दोघांचं छान चाललंय. अडकित्ता त्यांनी आणलाच होता, तो मी इथे ठेवून घेतलाय. विमानाची भीती वाटते का विचारलं, तर म्हणाले, खिडकी पोरीला द्या, मी मधी बसतो. माझी बॅग तीनदा भरून झाली. परतीला हे रजा काढून न्यायला येतील, आम्ही आगगाडीनं जाऊ. तुझे सगळे पॉइंट आमच्यापायी संपले, हे मला ठाऊक आहे.

पहिल्या पत्रात मी टाकून बोलले, ते मनात ठेवू नकोस. आईबरोबर माझं माहेर गेलं, असं मी चार वर्षं धरून चालले होते. कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. तसं नाही, हे मला परवा दारात कळलं. उद्या मुंबईला तू समोर दिसशील, तेव्हा मी तुला वाळलास की रे असंच काहीतरी म्हणेन. हे पत्र आलं की वाच, आणि माझ्यापुढे त्याचा विषय काढू नकोस.

तुझी,
रत्नाताई