दांड्याला खोबरेल

रविवार, संध्याकाळ

शेवटी वजनं लावून उचलायचा लोखंडी दांडा, बारबेलच घेतला. रबर चढवलेली डंबेल्स दिसायला छान होती, पण मला दांड्याची ती खरखरीत पकडच हवी होती. दुकानदार म्हणालासुद्धा, "ताई, आपल्या खाऱ्या हवेत गंजेल हा." दांडा घरात आला तसं सासूबाईंनी तोंड फिरवलं. बायकांनी असलं काही उचलायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं. उगाच हट्ट केला का मी?

दिवेलागणीला पडवीत गेले, तर सासूबाई दांड्याला खोबरेल चोळत बसलेल्या. विळीला चोळतात तसंच! "गंजेल ना गो," म्हणाल्या. खरखरीत पकड गेली, दांडा हातात ठरेचना. आज व्यायाम नाही. पण हसू काही थांबत नाही. नको असलेल्या वस्तूला सासूबाई तेल लावत बसत नाहीत.