आरपासून झेडपर्यंत

मंगळवार, संध्याकाळ. पाथर्डी.

चहा दोनदा केला, दोन्हीदा निवला. कशात लक्षच नाही.

माझ्या चौथीच्या वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायचं नाही. त्या दिवसाच्या अक्षराचा एक इंग्रजी शब्द अर्थासकट सांगायचा. ही टूम माझीच. आज आर होता. रोशनी उठली, ‘रॅबिट म्हणजे ससा’ म्हणून बसली. मग सानिकाचं नाव घेतलं, तर पुन्हा रोशनीच उभी!

“रिटर्न म्हणजे परत येणं. ह्यो सानीचा शब्द हाय, मॅडम. ती पहाटंच गेली आई-बापासंग, कोपरगावाकडं ऊसतोडीला. तिनं जाताना झेडपर्यंतचे तिचे शब्द माझ्याकडनं पाठ करून घेतल्यात.”

पोरं हसली. मी हजेरीपटावर पेन टेकवलं. हजेरी मांडू की गैरहजेरी? शब्द तर आला होता ना!

झेड काय, आठ-दहा दिवसांत येईल. ऊस उन्हाळ्यापर्यंत चालणार.

शाळा सुटल्यावर रोशनीनं दारातच गाठलं. “मॅडम, झेडनंतर परत एपासून ना? मग सानीचं मी काय म्हणू?”

‘बघू’ म्हणाले. बघू काय, कपाळ माझं! उद्या एस. ती पोरगी पुन्हा दोनदा उभी राहणार.