शिंपल्याची बटणं

शनिवार, २ तारीख

ती. आत्यास, सा. न.

तुझी शिवणकामाची वही तपासली. महिन्याची जमा आणि महिन्याचा खर्च जवळपास सारखाच आहे. मग गल्ल्यात पैसे पडून कशाला? सगळे मुदतठेवीत टाक. मीही पगाराचं तेच करते. पंपाच्या कारखान्यात आम्ही थेंबसुद्धा वाया घालवत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कमी करू नकोस.

तुझी भाची

सोमवार, ११ तारीख

चि. मोजपट्टी हिस, अ. उ. आ.

टाकले बाई पैसे. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाला द्यायला सुटे नव्हते. शिंपल्याची दोन बटणं हातावर ठेवली, म्हटलं पुढच्या शिलाईत धरीन. त्या बाईने ती दूधवालीला दिली, दूधवालीने भाजीवाल्याला. आता दुपारच्या उन्हात बटणं चमकतात आणि गल्ली पाण्याखालून चालल्यासारखी वाटते. ज्याच्या त्याच्या मुठीत चंद्राचा तुकडा. चांभार म्हणतो, आत्याबाईंची टांकसाळ झकास चाललीय.

पण दवाखान्याचे चाळीस पडदे शुक्रवारी द्यायचेत, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल. तीस झाले आणि दोरा संपला. बाजारातला दोरेवाला परगावचा, रोख घेतल्याशिवाय रीळ सोडत नाही. बटणं पाहून म्हणाला, आधी सदरा दाखवा. ठेव मोडायला बँक पंधरा दिवस मागते. शाळेच्या गणवेशांचे पैसे वीस तारखेला येतील. ते वहीत होतं ना गं?

रागावले नाहीये. काळजी करू नकोस, थोडी कर.

आहे तशीच माया ठेव.

तुझी आत्या

बुधवार, १३ तारीख

ती. आत्यास, सा. न.

चूक माझी. मी बेरजा जुळवल्या, तारखा पाहिल्या नाहीत. पैसे विसाला येतात, दोरा अकराला लागतो; मधल्या दिवसांसाठीच गल्ला असतो. पाणी आणि तहान एका वेळी येत नाहीत म्हणून टाकी बांधतात, हे मला तरी कळायला हवं होतं.

मनीऑर्डर शुक्रवारपर्यंत पोचणार नाही. स्वतः यायचं ठरवलं, तर पर्समध्ये बसभाडंही नव्हतं. सगळं ठेवीत. शेजारच्या खोलीतल्या नर्सकडे मी चार वर्षांत काडेपेटीही मागितलेली नाही. आज दार वाजवलं. तिने किती हवेत एवढंच विचारलं, कशाला ते नाही. दोऱ्यापुरतेही दिले. मग तुझी तब्येत विचारली. तिच्याशी तुझ्याविषयी मी कधी बोलले होते, आठवत नाही. तेव्हापासून तुझी ती चमचमणारी गल्ली डोळ्यांपुढे तरंगते आहे.

उद्या सकाळच्या बसने निघते. हे पत्र मीच घेऊन येईन, कारण तोंडाने सांगता येणार नाही. मी दोरा आणायला गेले की वाच. माझ्यादेखत नको.

तुझी भाची