बर्फाच्या खणातला पाइप

ता. ३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

गुडघे काय म्हणतात? इथे स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलंय. परवा वीज गेली, शाळेतल्या कवितेतली ज्योत आठवली, आणि मेणबत्त्यांची थोटकं वितळवून एक मोठी मेणबत्ती करायला बसलो. उरलेलं मेण सिंकमध्ये ओतलं. तेव्हापासून रोज उकळतं पाणी ओततोय, पण ढिम्म!

रविवारी मुलगा येतोय. घरात काही बिघडलेलं दिसलं तर मला कायमचं घेऊन जाणार म्हणतो. खोकीही आणणार आहे. त्याच्या घरात पुस्तकाला फळी नाही गं.

कळव लवकर. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा भाऊ

ता. ५ मार्च

चि. भाऊस, अ. उ. आ.

तीस वर्षं नळ-पाइपचं दुकान चालवलं, नाना महाभाग पाहिले. पण सिंकमध्ये मेण ओतणारा आमच्याच घरात निपजला! कविराज, उकळत्या पाण्याने मेण जात नाही, पुढे सरकून पुन्हा थिजतं. नशीब असेल तर अजून सिंकखालच्या वाकातच असेल. खाली बादली ठेव, वाकाच्या दोन्ही टोकांच्या आट्यांच्या कड्या हाताने फिरव, पाइप काढून फ्रीझरमध्ये घाल. गारठलं की मेण आकसतं, ठोकलं की सुटतं. चाल लावून पाठ केलंस तरी चालेल.

तुझ्या चिरंजीवाचं कौतुक मला नको. लहानपणी बादली भरून वाहिली तरी नळ बंद करायचं त्याला सुचत नसे.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी वापर.

ताई

ता. १० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

दिवटा शनिवारीच उगवला. बर्फासाठी फ्रीझर उघडला, तर आत पाइप! पाइपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाळाशी बोलावं तसं हळूच विचारलं, की बाबा, आज वार कोणता. मी वार सांगितला, वर कवितेच्या चार ओळी म्हटल्या. तिथे चुकलंच. तो पुस्तकं खोक्यात भरू लागला.

मी पाइप ओट्यावर ठोकला. मेण अखंड सुटलं, वाकाच्या आकारासकट! चिरंजीवांनी पाइप हिसकावून स्वतः बसवला, ऐटीत नळ सोडला. जोडातली रबराची चकती ओट्यावरच राहिली होती. सगळं पाणी त्याच्या नव्या बुटांत! आणि नळ बंद करायचं अजूनही सुचत नाही, तुझं खरं.

नळ मीच बंद केला, चकती घातली, पाइप आवळला. पाणी सरसर उतरलं. मग मी त्याला हळूच विचारलं, बाळा, आज वार कोणता.

खोकी रिकामीच परत गेली. पुस्तकं त्यानेच फळीवर लावली, सगळी उलटी.

टोमणे चालू राहू देत, त्यांतच तुझा लोभ कळतो.

तुझा भाऊ