थोरलीची घाई करू नये

मी, पंक्चरवाल्याची बायको, वय बत्तीस, डोकं ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहिते. अक्षर हललंय ते भीतीनं, कुणाच्या दबावानं नाही. उद्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, बरी होशील. होईनही. पण लिहून ठेवलेलं बरं.

शिलाई मशीन धाकट्याला. दहा वर्षांचा आहे, सुईत दोरा एका झटक्यात ओवतो, मांजर लंगडलं तरी रडतो. दीर त्याला रडूबाई म्हणतात. म्हणू देत. चार वर्षांनी हाच दारं आपटेल, उलट बोलेल. तेव्हा ह्यांनी हात उगारायचा नाही. तेही दिवस जातात. दिरांना माझ्याकडून काही नाही, त्यांनी माझ्या कात्रीनं पत्रा कापलाय.

माहेरची खोली माझ्या नावावर आहे, ती आणि पोस्टातले पैसे थोरलीला, शिकायला. सायकलही तिचीच, विकायची नाही. दहाव्या वर्षी ही गल्लीतल्या पोरांना बदडून यायची. आता चौदावं लागलंय तर मान वर करत नाही, सायकलवर बसायला लाजते, आरशासमोरून हलत नाही, काही विचारलं की डोळ्यांत पाणी. सासूबाई म्हणतात, पोर शहाणी झाली, स्थळ बघू.

मीही त्या वयात अशीच मुकी झाले होते. घरच्यांना वाटलं, संसाराला तयार झाली. वर्षा-दोन वर्षांत जीभ परत आली, पण तोवर मी सासरी. नवरा चांगला निघाला, सुखात आहे, तक्रार नाही. पण ती लॉटरी होती. लेकीच्या नावानं मी तिकीट काढणार नाही. शिक्षण पुरं होऊन ती स्वतः बोलेपर्यंत स्थळ आणायचं नाही.

हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. ते "बरं" म्हणाले. ह्यांचं बरं आईसमोर विरघळतं. म्हणून साक्षीला सासूबाईंनाच बसवलं.

ऐकून म्हणाल्या, "मला बांधून ठेवतेस होय गं?"

म्हटलं, "हो, आई."

अंगठ्याला लावलेली शाई बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मला तर बारावं होतं. कुणी विचारलंसुद्धा नाही."

लिहून देणार: मी (सही)

साक्षीदार: शेजारच्या नर्सताई (सही)

साक्षीदार: सासूबाई (डाव्या हाताचा अंगठा, दोनदा. पहिला फिका उठला म्हणून त्यांनीच परत दाबला.)

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर

तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर