वहिनीच्या भाषेतले मेल

४ मार्च
रुग्णालयाची पुन्हा तक्रार. त्यांचे मेल पेशंटना मिळतच नाहीत! वहिनीच्या भाषेतले तेवढे आमच्या कंपनीचा फिल्टर थेट स्पॅममध्ये ढकलतो. साहेब म्हणाले, "त्या भाषेत निम्मी फसवणूकच असते. कशाला उकरतेस?" — खरं म्हणजे ती भाषा वाचणारं ऑफिसात कुणीच नाही. नियम सगळे यंत्राच्या भाषांतरावरून केलेले.

५ मार्च
रुग्णालयाने नमुने पाठवले, नावं खोडून. जेवणं झाल्यावर वहिनीपुढे लॅपटॉप ठेवला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आमचीच भाषा बोलते — जपून, पाहुण्यासारखी. दादाला तिच्या भाषेतलं अक्षरही येत नाही. वाचायला लागली आणि आवाजच बदलला तिचा! मोठा, भरभर. मग थांबली.
"ह्यात स्पॅम काय? बाईला गाठीचा रिपोर्ट न्यायला बोलावलंय."
मी म्हटलं, हा शब्द — बक्षीस ना?
"बक्षीस पण, निकाल पण. शर्यतीचा काय, रक्ताचा काय, आम्हाला एकच शब्द."
आणि आम्ही नेमका तोच शब्द सगळ्यात संशयास्पद ठरवलेला. सोबत लिंक असली की मेल गेलाच!

६ मार्च
शब्द नियमातून नुसता काढला तर लॉटरीवाले मोकाट सुटतील. वहिनी म्हणाली, "भामटे त्या शब्दाशेजारी 'जिंकलास' लिहितात. डॉक्टर कशाला लिहील? आणि बघ, बाईलासुद्धा 'जिंकलास रे'!" हसून हसून बेजार झालो दोघी.

९ मार्च
साहेबांसमोर नवा नियम जुन्या मेलवर चालवला. रुग्णालयाचे सुटले, लॉटरीवाले अडकले. एखाददुसरा भामटा निसटला, पण चालायचंच.
"हे सुचवलं कुणी?"
"वहिनीने."
"काय करते ती?"
घरीच असते, मी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली.

१० मार्च
नियम लागू.

१६ मार्च
रुग्णालयातून फोन. गाठवाल्या बाई येऊन रिपोर्ट घेऊन गेल्या. उशीर झालाय, पण उपचार सुरू झाले. वहिनीला सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाली आणि भांडी घासत राहिली. किती तरी वेळ — एकच पातेलं.

२ एप्रिल
साहेबांनी वहिनीला नोकरीवर बोलावलंय! दादा म्हणाला, "आणि घरचं कोण बघणार?" वहिनीने तिच्या भाषेतला एकच शब्द टाकला. हल्ली चार शब्द मलाही कळतात. दादा माझ्याकडे वळला — "काय म्हणाली?"
"तूच."